उंदीरच तर करायचा होता

मुलीच्या शाळेत गणेशोत्सवाआधी प्रकल्प निघाला. मखर आणि मूषक संगणकावर रचायचे आणि मग कागदातून किंवा थ्रीडी प्रिंटरवर प्रत्यक्षात आणायचे. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असल्यामुळे प्रिंटर होताच. "पालकांनी मदत केली तरी चालेल," असं लॅबच्या मॅडम सौजन्याने म्हणाल्या आणि मी ते मनावर घेतलं.

कमानी, खांब, पायऱ्या मुलांनी आपापसांत वाटून घेतल्या. उरला उंदीर. "उंदीरच ना? आण इकडे," मी म्हणालो. जो प्राणी लहान तो सोपा, असा माझा सरळ हिशोब होता.

रात्री जागून मी एक लांबट गोळा, दोन चकत्यांचे कान आणि हवेत झोकदार वळलेली शेपूट असं रूप उभं केलं. बायकोने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली, "कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये फाइल प्रिंटरला दिली. पडद्यावरच्या रिकाम्या पटावर मध्यभागी एक ठिपका दिसत होता. "बाबा, हा फारच लहान दिसतोय," मुलगी म्हणाली. "लांबून दाखवतोय गं तो," मी म्हणालो. नळीचं टोक दोनशे अंशांपर्यंत तापेतो वेळ होता, म्हणून मी मुलांना जमवून थोडं ज्ञान दिलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ साली जवळपास काहीही कसं बनवायचं याचा वर्ग सुरू केला, त्यातून फॅब लॅबची कल्पना निघाली, आणि २००२ साली तशी एक लॅब थेट आपल्या पुणे जिल्ह्यात, पाबळच्या विज्ञान आश्रमात आली. मी पाबळला पोचेपर्यंत प्रिंटर थांबला होता. पटावर तीन मिलिमीटरचा उंदीर होता.

मी तो तीन इंचांचा केला होता. पण एसटीएल फाइलमध्ये नुसते आकडे असतात. ते इंच की मिलिमीटर, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. यंत्राने तीन वाचले आणि तीन मिलिमीटर दिले. आठवीतल्या एका मुलाने फाइल २५.४ पटीने वाढवली आणि विचारलं, "काका, शेपटीला सपोर्ट लावायचा ना?" प्रिंटर खालून वर थर चढवत जातो, खाली काही नसेल तर वितळलेलं प्लॅस्टिक टेकणार कशावर? हे त्याने मला नीट समजावलं. पण फुकट प्लॅस्टिक कशाला घालवायचं, या विचाराने मी नको म्हटलं. शेपटीच्या जागी धाग्यांचा गुंता झाला. तो काढताना कानही हातात आला.

मग मी कागदाकडे वळलो. कागदकाम आपण बालवाडीपासून करत आलोय. पेपाकुरा नावाचं जपानी सॉफ्टवेअर थ्रीडी आकृती उलगडून सपाट तुकडे छापून देतं. माझा उंदीर चांगला गुळगुळीत होता, म्हणजे असंख्य त्रिकोणांचा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९९४ साली मातीच्या एका सशाचं स्कॅनिंग केलं, त्या प्रसिद्ध सशात ६९,४५१ त्रिकोण आहेत. माझ्या उंदराची महत्त्वाकांक्षा त्याच दिशेची होती. पानांमागून पानं बाहेर पडू लागली आणि प्रत्येकावर नखाएवढे त्रिकोण. मुलीने शांतपणे छपाई थांबवली.

खरी अडचण उंदराच्या पोटात होती. दोन्ही बाजूंनी फुगलेला पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट होत नाही, हे गाऊसने १८२७ साली सिद्ध केलं. आमच्या आईला ते न शिकता ठाऊक आहे; मोदकाची सपाट पारी गोल करायची तर कळ्या पाडाव्याच लागतात. मुलीने त्रिकोण कमी करत करत उंदीर अगदी ठोकळेबाज केला आणि १८० जीएसएमच्या कार्डशीटवर छापला. विशेष म्हणजे आता तो उंदीर दिसत होता.

कापणं आणि चिकटवणं मी हट्टाने माझ्याकडे घेतलं. संपलेल्या रिफिलने घडीच्या रेषा दाबून घेतल्या. एक प्रकारची तुटक रेषा म्हणजे घडी बाहेर, दुसऱ्या प्रकारची म्हणजे आत. दोन्ही मला चष्म्यातून सारख्याच दिसल्या, म्हणून एक कान डोक्याच्या आत गेला. तरी फेविकॉल लावत शेपटीकडून निघालो तो नाकापर्यंत आलो. शेवटची पट्टी दाबायला आतून बोट लागतं. बोट आत घातलं, पट्टी झकास चिकटली आणि बोट आतच राहिलं.

"बाबा, शेवटचा जोड पोटाखाली ठेवतात," मुलगी म्हणाली, "चुरगळला तरी दिसत नाही." पडद्यावर आकृती आपली आपण मिटते, खऱ्या वस्तूत मात्र शेवटी हात कुठून बाहेर काढायचा हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. हे तिने मला उंदीर बोटातून सोडवता सोडवता सांगितलं.

प्रदर्शनात मुलांचा मखर आणि त्यांनी नव्याने केलेला उंदीर झळकला. माझा तीन मिलिमीटरचा मूषक भिंगाखाली ठेवला होता, पाटी होती 'एकक तपासा'. गुंत्याखाली 'आधार द्या', नाक फाटलेल्याखाली 'शेवटचा जोड आधी ठरवा'. गर्दी याच टेबलापाशी होती. निघताना मॅडमनी आग्रहाने सांगितलं, "पुढच्या वर्षीही नक्की या हं. तुम्ही असलात की मला वेगळं शिकवावं लागत नाही."