तिकीट स्वस्त, कुलूप महाग

"काय वहिनी, व्हरांड्यात बॅगा दिसतायत. ठरलं वाटतं जायचं?"

"ठरलं हो काकू. दसरा झाला की निघतोय. लेकीचे नोव्हेंबरात दिवस भरतायत. न्यू जर्सीत एडिसनला असते ना ती. एप्रिलमध्ये परत येऊ."

"छान! आणि पैशाचं कसं काय?"

"ह्यांनी वही घातलीय ना. दोन तिकिटं, व्हिसाचे माणशी 185 डॉलर, मुंबईपर्यंतची गाडी. खाली बेरीज मारून लाल रेघसुद्धा ओढून झाली."

"इतक्यात रेघ नका ओढू म्हणावं. तिकीट एकदाच काढायचं असतं. पुढे सहा महिने इथलं बंद घरही पोसावं लागतं. त्या कुलपाचा खर्च लिहिलाय का कुठे?"

"कुलपाचा कसला खर्च? घर बंद, मीटर बंद."

"मीटर बंद, बिल चालू! एक युनिट नाही जाळलंत तरी महावितरणचा स्थिर आकार येतोच. घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे. आणि तुमच्या कामवाल्या मावशींचं काय?"

"त्यांना म्हटलंय, आलो की बोलावू."

"तोवर त्या तुमची वाट बघत बसतील होय? दुसरं घर धरतील नि मोकळ्या होतील. त्यापेक्षा अर्धा पगार चालू ठेवा, आठवड्यातून एकदा झाडून-पुसून घ्या. सहा महिने बंद ठेवलेल्या घराला वाळवी लागली तर तो खर्च मावशींच्या पगाराहून मोठा."

"हे खरंच डोक्यात नव्हतं."

"कसं असणार? सगळं लक्ष विमानात. आता हळू बोलते, त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं माहितीय ना? गेले लेकाकडे, इथला फोन कपाटात ठेवून. तिकडचं नवं सिम घेतलं आणि खूश. इकडे जानेवारीत मेडिक्लेमचा हप्ता आला. बँकेचे मेसेज, कंपनीचे मेसेज, सगळे कपाटात वाजतायत. मुदत टळली, पॉलिसी बुडाली. आता नवी घेतलीय, पण आधीपासूनच्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. एवढी वर्षं भरलेले हप्ते गेले पाण्यात."

"अगं बाई! आमचापण फेब्रुवारीत असतो."

"मग तो भरायची सोय जाण्याआधीच लावून ठेवा. आणि इथलं सिम सोबत न्या. वर्षाचा रिचार्ज मारायचा, रोमिंग सुरू करून घ्यायचं आणि त्या सिमचं इंटरनेट तेवढं बंद. पैसे हलवायचे म्हटलं की ओटीपी इथल्याच नंबरावर येतो. नंबर बंद पडला तर पेन्शन खात्यात असून हात बांधलेले."

"पेन्शनवरून आठवलं, नोव्हेंबरात ह्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो."

"तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, जीवन प्रमाणवर. पण बँकेत जाऊन नीट विचारून घ्या, आणि निघण्याआधी ते अॅप भाऊजींच्या हाताखालून जाऊ दे. तिकडे जाऊन शिकायला बसलात तर जावयाच्या झोपेचं खोबरं."

"बरं, आणि तिकडचा विमा? ह्यांनी सगळ्यात स्वस्त बघून ठेवलाय."

"तिथे मात्र हात आखडू नका. त्यांच्या 65 च्या पुढच्या लोकांना सरकारी मेडिकेअर असतं. आपण पाहुणे, आपल्याला त्यातलं काही नाही. स्वस्त पॉलिसीत बहुतेक वेळा प्रत्येक गोष्टीला ठरीव रक्कम असते. दवाखान्यातल्या एका दिवसाला इतके, तपासणीला इतके. वरचं सगळं तुमच्या खिशातून. दुसरी महाग असते, पण आधी ठरलेली रक्कम आपण भरली की पुढच्या बिलाचा मोठा वाटा ती उचलते. आणि तुमची शुगर, भाऊजींचं बीपी, ही जुनी दुखणी बहुतेक पॉलिसीत धरतच नाहीत. काहींत ती अचानक बळावली तरच पैसे मिळतात, त्यालाही वयाची अट. ते बारीक अक्षरातलं पान लेकीकडून वाचून घ्या."

"वाचायला लावते."

"दात-डोळे इथेच उरकून घ्या. त्या विम्यात सहसा नसतात ते. चष्म्याची एक जोडी जास्तीची करा. गोळ्या पाकिटासकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिकडचा दुकानदार चालवून घेत नाही."

"थंडीचे कोट बघायला उद्या बाजारात जाणार होतो आम्ही."

"कशाला? तिकडचा जानेवारी आपल्या बाजारातल्या कोटाला ऐकायचा नाही. तिकडेच घ्या, न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही. किराण्यालाही नाही. बाकी बहुतेक वस्तूंवर साडेसहा टक्क्यांच्या वर लागतो, आणि तो लेबलावरच्या किमतीत धरलेला नसतो. गल्ल्यावर गेल्यावर कळतं. हॉटेलात गेलात तर वर टिप."

"पण काकू, लेक म्हणते, आई, तू एक पैसा आणू नकोस."

"म्हणू दे. तिने म्हणायचं असतं, आपण न्यायचे असतात. तिकडच्या ओक ट्री रोडवरच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी दर वेळी जावयाने कार्ड काढायचं आणि आपण खांबासारखं बाजूला उभं राहायचं, हे पहिल्या महिन्यात गोड वाटतं. तिसऱ्या महिन्यात घशाशी येतं. बाळाला झबलं घ्यायचंय, बारशाला काही घालायचंय, ते तुमच्या पैशाचं नको का?"

"खरंय हो. मग रोख नेऊ का?"

"थोडी. नोटा माणशी 3,000 डॉलरपर्यंत नेता येतात, पण एवढ्या हव्यात कशाला? बाकी फॉरेक्स कार्डावर भरा. इथलं साधं क्रेडिट कार्ड तिकडे घासलं की बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के वर लावतात, त्यावर पुन्हा जीएसटी. आणि ते कार्ड वापरायची वेळ आलीच, तर मशीन विचारतं रुपये की डॉलर. आपले रुपये बघून भुलायचं नाही. डॉलरच म्हणायचं, रुपयांचा भाव ते त्यांच्या सोयीचा लावतात."

"एवढं सगळं धरलं तर ह्यांची बेरीज दुप्पट होईल."

"होऊ दे. अजून एक रकाना आहे, तो मात्र कुणी मांडत नाही. तिकडे तान्ह्या बाळाचं पाळणाघर महिन्याला हजार-दीड हजार डॉलरच्या खाली मिळणं कठीण. तुम्ही बाळ-बाळंतिणीचं करणार, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं. ते कुठे लिहिलंय?"

"काहीतरीच! लेकीच्या बाळंतपणाचं बिल लावायचं का?"

"बिल नका लावू. पण जावयाने कार्ड काढताना संकोच वाटला तर हा आकडा मनात म्हणायचा. मान आपोआप ताठ होते."

"काकू, तुम्ही बँकेत असायला हवं होतं!"

"घर चालवलंय, तेवढं पुरे. बरं, किल्ली माझ्याकडे द्या. मावशींवर लक्ष ठेवीन, टपाल काढून ठेवीन, झाडांना पाणी घालीन."

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडाल की. तो कुंपणाकडचा आंबा यंदा मार्चमध्ये लगडणार. माझ्या बाजूला वाकलेल्या फांदीच्या कैऱ्या माझ्या."

"आणि आमच्या बाजूच्या?"

"त्यांचं लोणचं घालीन. अर्ध्या बरण्या तुमच्या. भाऊजींना म्हणावं, वहीत जमेच्या बाजूला लिहून ठेवा."