जहाज थांबतं, एसटी थांबत नाही

माझा मेहुणा मुंबईहून जहाजाने गोव्याला जाऊन आला, तेव्हापासून तो जमिनीवरही किनाऱ्याला लागल्यासारखाच वावरतो. कुठेही जायचं म्हटलं की त्याचा पहिला प्रश्न असतो, "दाजी, बुकिंग कोणातर्फे?" जहाजातून उतरून गाव बघायचं तर मार्ग दोन, हे त्याने घरातल्या प्रत्येकाला, म्हणजे गुडघेदुखीमुळे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही न जाणाऱ्या माझ्या आईलासुद्धा, समजावून सांगितलंय. सहल जहाजवाल्यांकडून घेतली तर महाग, पण परतायला उशीर झाला तर जहाज थांबतं. वेबसाइटवरून घेतली किंवा धक्क्यावरच्या टॅक्सीवाल्याशी परस्पर ठरवली तर स्वस्त, पण उशीर झाला की जहाज भोंगा वाजवून निघून जातं. मग पुढचं बंदर आपण आपल्या खर्चाने गाठायचं.

"म्हणून मध्ये कुणीतरी जबाबदार पाहिजे," असं त्याचं तात्पर्य.

अजिंठ्याचं ठरलं तेव्हा हेच तात्पर्य आडवं आलं. माझे मामा फर्दापूरचे. नाव अजिंठ्याचं झालं असलं तरी अजिंठा गाव राहिलं घाटावर. लेण्यांच्या पायथ्याशी आहे ते फर्दापूर. मोगलकाळातली सराई गावात आहे, म्हणजे प्रवाशांना उतरवून घेण्याचा अनुभव आजकालचा नाही. अशा ठिकाणी सख्खा मामा असताना वेबसाइटवरून बुकिंग करणं हे लग्नघरी डबा घेऊन जाण्यासारखं होतं. मेहुण्याने डबा नेला.

त्याने छत्रपती संभाजीनगरहून गाडी, गाइड, पाण्याची बाटली आणि 'अविस्मरणीय अनुभव' असं सगळं मिळून बुक केलं. तेही सोमवारचं. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी, हे फर्दापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वेबसाइटला नव्हतं. तिने सोमवारचे पैसे हसत घेतले आणि तारीख बदलायचे वेगळे घेतले. मी फोनवर मामांना हे सांगितलं, तर पलीकडून बराच वेळ नुसताच खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

परस्पर व्यवहाराची इथली परंपरा मात्र जुनी आहे. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याला ही लेणी दिसली. एका गुराखी पोराने वाट दाखवली असं सांगतात. मध्ये ना एजंट, ना कमिशन. दहाव्या लेण्यातल्या खांबावर साहेबाने स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली, २८ एप्रिल १८१९. जगातला हा पहिला ग्राहक अभिप्राय असावा, फक्त तारे द्यायचे राहिले. मी मुद्दाम हिशेब करून पाहिलं, त्या दिवशी बुधवार होता. पोरगं माहितगार होतं.

आमचा मार्ग मामांचा. "गाडी जळगाव स्टेशनला उभी राहील, तू फक्त उतर," मामा म्हणाले.

"मामा, पैसे किती सांगितलेत त्याने?"

"अरे, ते बघू नंतर."

मराठीत याहून भीतिदायक वाक्य मला माहीत नाही. वेबसाइटवर निदान आकडा दिसतो, कर दिसतो, सुविधा शुल्क नावाची गैरसोय दिसते. 'बघू नंतर'मध्ये काहीच दिसत नाही.

गाडी खरोखरच उभी होती. तिच्यात मामींची भाचीही होती, तिला पहूरला सोडायचं होतं. मागे खताची दोन पोती होती, ती वाकोदला उतरायची होती. पहुरात चहा झाला, कारण भाचीच्या सासूबाईंना नाही म्हणणं शक्य नव्हतं. मग फर्दापुरात मामींनी कळण्याची भाकरी आणि भरीत पुढ्यात ठेवलं, ते टाळणं त्याहून अशक्य. लेणी दीड हजार वर्षं थांबलीत, अजून तासभर थांबतील, असं मामा म्हणाले. ही सगळी सहलीत धरलेली स्थळं होती, वेगळा आकार नाही.

तिकडे मेहुणा शंभर किलोमीटर कापून टी-पॉइंटला येऊन उभा होता. इथे पुढचा धक्का बसतो, आणि तो सगळ्यांना सारखाच बसतो. खाजगी गाड्या इथेच थांबतात. लेणी अजून चारेक किलोमीटर आत, तिथे एसटीच्या बसने जायचं. गाडी वेबसाइटची असो, मामांची असो की साक्षात मंत्र्यांच्या मेव्हण्याची असो, बस तीच. 'सर्व समाविष्ट'मध्ये या बसचं भाडं नव्हतं. मेहुण्याने पुरातत्त्व खात्याचं चाळीसचं तिकीट ऑनलाइन पस्तिसात काढून पाच रुपये वाचवले होते, ते इथे सत्कारणी लागले.

"शेवटची बस आपल्यासाठी थांबेल ना?" त्याने कंडक्टरला विचारलं. "आमचं बुकिंग आहे."

कंडक्टरने त्याच्याकडे सुट्टे मागितले.

तेवढ्यात दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहाला निघालेले दिसले. चुलतभाऊ निघाले, दोघेही फर्दापूरचे. मेहुण्याचे पैसे वेबसाइटकडून दिल्लीच्या एजंटकडे, तिथून संभाजीनगरच्या एजंटकडे, प्रत्येक मुक्कामी थोडे झिजत, शेवटी मामांच्या शेजारच्या घरात पोचले होते. मेहुणा गप्प झाला. मग म्हणाला, "पण दाजी, माझ्याकडे तक्रार करायला नंबर आहे."

हे मात्र खरं होतं. वेबसाइटकडे तक्रार करता येते, तिला लाज वाटत नाही एवढंच. मामांकडे तक्रार करता येत नाही, पण काही कमी पडलं तर त्यांना रात्रभर झोप येत नाही. मेहुण्याने तक्रार करायचा हक्क विकत घेतला होता, मला मामांची झोप फुकट मिळाली होती.

मेहुण्याचा गाइड चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. आमच्याबरोबर मामांनी दिलेला 'आपला माणूस' होता, त्याला मुख्यतः कुठल्या लेण्यात गार लागतं हे माहीत होतं. म्हणून आम्ही निर्लज्जपणे मेहुण्याच्या गाइडमागे चालत राहिलो. सतराव्या लेण्यात त्याने सिंहल व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. समुद्रावर गेलेल्या व्यापाऱ्यांचं जहाज फुटतं, ते एका बेटाला लागतात. किनाऱ्यावर सुंदर बायका स्वागताला उभ्या, राहायची सोय, जेवणाची सोय, सर्व समाविष्ट. त्या राक्षसिणी असतात. सुटकेला एक दिव्य घोडा येतो, त्याची अट एकच, मागे वळून बघायचं नाही. सिंहल वाचतो. वळून बघणारे खाली पडतात आणि खाल्ले जातात.

"घोडा थांबला नाही?" मेहुण्याने कळवळून विचारलं.

"नाही साहेब."

"त्यांनी परस्पर ठरवलं असणार," मेहुणा माझ्याकडे बघत म्हणाला.

खाली उतरल्यावर, सकाळी ज्याच्या हातात एकाने 'भेट आहे, घ्या' म्हणून गारगोटी ठेवली होती, त्या मेहुण्याला तोच दुकानदार नावाने हाका मारू लागला. मेहुण्याने मागे वळून बघितलं. जांभळ्या स्फटिकांचा एक जड दगड घेऊन तो अर्ध्या तासाने दुकानातून सुटला. तोवर एक बस भरून निघून गेली होती.

वेबसाइटने रात्रीच त्याच्याकडे पाच तारे मागितले. मामांनी काहीच मागितलं नाही. मीच पाकीट काढलं, तर रागावले. "घरचा माणूस तू, असं काय करतोस?"

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. थोरल्या नातवाचा नंबर पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजला लागला होता. हॉस्टेलचं जेवण त्याला चालत नाही म्हणे.

"तुझ्याकडेच राहील," मामा म्हणाले. "चारच वर्षांचा तर प्रश्न आहे."