पडवीतल्या पालबाईंना अनावृत पत्र

पालबाई,

सा. न. वि. वि.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या बंद घराच्या राखणीसाठी यंदा जी बिनतारी यंत्रणा बसवली, तिने आजवर पकडलेली एकमेव व्यक्ती आपण आहात. 'व्यक्ती' हा शब्द माझा नव्हे, अॅपचा. डोंबिवलीत ऐन मध्यरात्री फोन किंचाळला आणि पडद्यावर मजकूर आला: 'पडवीत व्यक्ती आढळली'. उघडून पाहतो तर आपलं पोट, आपले पाय आणि मागे कुठेतरी धूसर अंगण. पुढच्या रात्री पुन्हा आपणच. हल्ली आमच्या घरात मुलांपेक्षा आपले फोटो जास्त आहेत.

पत्र जाहीर लिहितोय, कारण कोकणातली बंद घरं तुम्ही सांभाळता आणि त्यांचे मालक मुंबई-पुण्यात बसून असली खोकी मागवतात. दोन्ही पक्षांना कळलेलं बरं.

आपण सापडलात कशा, हे आधी सांगतो. काळोखात दिसावं म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती अवरक्त दिवे असतात. त्यांच्या मंद उजेडाला आणि उबेला किडे जमतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो आणि उरलेल्यांसाठी आपण येता. कॅमेऱ्याला चोर कळत नाही, फक्त चित्र बदललेलं कळतं. चार बोटांची पाल भिंगापासून दोन बोटांवर आली की चित्रात ती दरवाजाएवढी होते. कंपनीची कृत्रिम बुद्धिमत्ता तेवढ्यावर माणूस ठरवून मोकळी होते.

माजघरातला हालचाल टिपणारा सेन्सर मात्र आपल्याला ओळखही दाखवत नाही. त्याला चित्र दिसतच नाही. तो अंगातून निघणारी उष्णता पाहतो, तीही एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली तरच. आपलं रक्त थंड, अंग भिंतीइतकंच गार, म्हणून आपण त्याच्या लेखी नाहीच. शेजारची मांजर आली तर तिच्याकडे तो काणाडोळा करील असं खोक्यावर लिहिलंय, पण ते ती जमिनीवरून चालली तर. फळीवरून उडी मारत सेन्सरच्या नाकासमोर आली, तर तिचीही व्यक्ती होते. शिवाय हा गृहस्थ वैशाखात मंदावतो. खोलीचं तापमान माणसाच्या अंगाइतकं चढलं की त्याला माणूस आणि भिंत यांतला फरक कळेनासा होतो. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी चोराने यावं, अशीच सोय आहे.

यंत्रणेची निवड आमच्या भाच्याने केली. तो हिंजवडीत असतो, त्यामुळे घरात विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबाबत शेवटचा शब्द त्याचा. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला: कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, सायरनचे डेसिबल, बॅटरीचं आयुष्य, सवलत. खोक्यावर 'स्वतः बसवा, पंधरा मिनिटांत' असं छापलेलं. ज्याने ते छापलं, त्याने चिऱ्याची भिंत पाहिलेली नाही.

जांभ्याच्या त्या भिंतींनी आमच्या चार पिढ्यांचं ऊन अडवलं, आता वायफाय अडवतात. राउटर माजघरात, कॅमेरा पडवीत, मध्ये भिंत आणि शिसवी कपाट. असे कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. पाच गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा त्यांना कळत नाही आणि कळला तरी भिंतीपलीकडे तो आणखी लवकर दमतो. दारांवरचे सेन्सर मात्र ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, जो आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो. त्यांना भिंतीचं फारसं वाटत नाही. हा फरक भाच्याच्या तक्त्यात नव्हता. खरं तर तो पहिल्या ओळीत हवा होता: घर कशाचं बांधलंय आणि खोक्यातली यंत्रं कुठल्या पट्ट्यात बोलतात. मेगापिक्सेल नंतर.

दाराच्या सेन्सरची तऱ्हा आपण जवळून पाहिलीच आहे. चौकटीवर एक डबी, फळीवर लोहचुंबक. दोघं जवळ आहेत तोवर डबीतल्या दोन पात्या चिकटलेल्या. दार उघडलं, चुंबक लांब गेला की पात्या सुटतात आणि निरोप जातो. इतकी सरळ वस्तू सबंध खोक्यात दुसरी नाही आणि मला तीच सर्वांत आवडली. पण मृगाचा पाऊस लागला की आमचं सागवानी दार फुगतं, चौकटीत नीट बसत नाही, फट वाढते. मग दार बंद असून यंत्र 'उघडं आहे' म्हणत बसतं. त्यातून बाकीच्या यंत्रांची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी चुन्याच्या भिंतीवर श्रावणापर्यंतही टिकत नाही. स्क्रू मारा, असं पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता विजेचं. पावसाळ्यात गावची लाइट गेली की राउटर झोपतो. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्यावाच. पण लाइट फार वेळ गेली की मोबाइलचा टॉवरही मान टाकतो आणि मग डोंबिवलीतल्या अॅपवर सगळं 'ऑफलाइन'. चोरालाही लाइट गेलेली कळते, हे कोणत्या कंपनीला सांगायचं?

राउटरमध्ये सिमकार्ड आहे, रोज दीड जीबीचं. कॅमेऱ्याने सेकंदाला एक मेगाबिट इतकं साधं चित्र सतत पाठवायचं म्हटलं, तरी चोवीस तासांत ते दहा जीबीच्या पुढे जातं. म्हणजे 'क्लाउडवर चोवीस तास रेकॉर्डिंग' हे पहाटे चारच्या आत आटोपणार. सततचं चित्रण कॅमेऱ्यातल्या कार्डावर आणि फोनवर फक्त हालचालीचे तुकडे, एवढंच गावच्या सिमला झेपतं. तेही तुकडे आपण खाता, पालबाई. महिन्याच्या डेटापैकी बराचसा आपल्या पोटाच्या चित्रीकरणावर खर्ची पडतो.

एक गोष्ट मात्र भाच्याने चोख केली: कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे असे कॅमेरे आणि रेकॉर्डर कारखान्यातल्याच पासवर्डने उघडले आणि त्या फौजेने अमेरिकेतल्या बड्या संकेतस्थळांना काही तास आडवं केलं होतं. त्या घरांच्या दाराला कोणी हातही लावला नव्हता. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची आहे, तेव्हा निदान ते प्रमाणपत्र पाहून घ्यावं.

या सगळ्याची मूळ कल्पना एका नर्सबाईंची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. रात्री घरात एकट्या, पोलीस वेळेवर येतील याचा भरवसा नाही. म्हणून त्यांनी १९६६ साली नवऱ्याबरोबर दाराच्या भोकांमागे सरकणारा कॅमेरा, खोलीत पडदा, बोलायला माइक आणि मदत बोलवायला बटण अशी योजना पेटंटसाठी दाखल केली. २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळालं. पण बाई स्वतः घरात होत्या, बटण हाताशी होतं. आमचं घर रात्रभराच्या एसटीच्या अंतरावर. आम्ही बटण दाबतो ते डोंबिवलीत, नि सायरन वाजतो पडवीत. एकशे दहा डेसिबलचा. ऐकायला आपण, वटवाघळं आणि पलीकडच्या वाडीतल्या काकी.

आणि येतात त्या काकीच. ११२ नंबरला आमचं यंत्र आपण होऊन फोन करीत नाही, तो माणसानेच करायचा. इथे पगारी माणसं चोवीस तास पडद्यासमोर बसवणारी सेवा आम्ही घेतलेली नाही. गावात ती येणार कुठून? म्हणून मी काकींना फोन लावतो. त्या बॅटरी घेऊन, नातवाला उठवून, पाणंदीतून येतात, पडवीत पाहतात आणि सांगतात, "पाल हा रे, झोप." त्यांच्याकडे बटणांचा फोन, अॅप येत नाही, तक्त्यात त्यांना रकाना नाही. गेली कित्येक वर्षं घराची किल्ली मात्र त्यांच्याच खुंटीवर आहे. त्यांचा फोन नंबर वजा केला, तर आमची यंत्रणा म्हणजे घरफोडीचं चित्रीकरण, एवढीच उरते.

दोन दारांना दोन सेन्सर आहेत, हे मी काकींना अभिमानाने सांगितलं होतं. त्यांनी वर पाहिलं. छप्पर कौलारू. बंद घरातून हंडे, घंगाळं, समया नेणारा माणूस दार कशाला वाजवील? चार कौलं बाजूला केली की तो थेट माजघरात. तिथे हालचालीचा सेन्सर आहे, पण त्याची नजर दाराकडे लावलेली.

तेव्हा विनंती एवढीच की आपण कौलांत राहायला जावं. तिथे किडे आहेत, ऊब आहे आणि पाहऱ्याची खरी गरजही तिथेच आहे. भिंगावरून उतरलात तर काकींची झोप वाचेल. त्या उठायच्या थांबल्या, तर दुसरी काकी कोणत्याच खोक्यात मिळत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
घरमालक (मुक्काम डोंबिवली)

ता. क. : कॅमेरा बसवायला भाच्याने आणलेली शिडी अजून परसदारी कौलांना टेकून उभी आहे, असं काकी आत्ताच फोनवर म्हणाल्या. कॅमेरा त्या बाजूला पाहत नाही.