अडलेल्या राऊंडचा पंचनामा

रायफल अडली की बोल लागतो रायफलला, नाहीतर ती धरणाऱ्याला. खाली लटकलेल्या मॅगझिनचं नाव कुणी घेत नाही. पत्र्याचा डबा, आत एक स्प्रिंग, तिच्यावर राऊंड उचलून धरणारी पट्टी आणि तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा, एवढाच त्याचा संसार. पण राऊंड किती वर यावा आणि कुठल्या कोनात पुढे सरकावा, हे त्या कडा ठरवतात. मॅगझिन सिमेंटवर आपटून कड जराशी वाकली, की राऊंड बॅरलमध्ये शिरायचं सोडून आभाळाकडे बघत बसतो.

एनसीसीत आमच्या हाती थ्री नॉट थ्री आली, म्हणजे ली-एनफील्ड. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली यांनी 1879 मध्ये काढता-घालता येणाऱ्या मॅगझिनचं पेटंट घेतलं. पुढे ली-एनफील्डच्या मॅगझिनमध्ये 10 राऊंड मावू लागले. इतकं सगळं झकास जमवल्यावर इंग्रजांनी राऊंड मात्र बुडाला बाहेर आलेली चकती असलेला ठेवला. जर्मनांनी त्याच सुमारास, 1888 साली, बिनचकतीचा स्वीकारला होता. भरताना वरच्या राऊंडची चकती खालच्याच्या चकतीमागे गेली, की मुंबईकडे जाणाऱ्या लोकलसारखं, ठाण्याला उतरणारा आत आणि कुर्लेवाले दारात! वरचा निघताना खालच्यालाही ओढतो आणि दोघेही लटकतात.

असंच एकदा अडलं, तेव्हा एक कॅडेट आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांना म्हणाला, "उस्ताद, रायफलच खराब आहे."

"तुझा बाप जन्मायच्या आधीपासून चालतीय ती. तू हात लावला आन् बिघडली व्हय?"

उस्तादांनी रायफल निशाण्याकडेच धरून रिकामी केली, मॅगझिनच्या बुडावर खडूनं फुली मारली आणि ते शेजारच्या रायफलला लावलं. तीही अडली. खटल्याचा निकाल लागला. आत बोट घातलं तर तेलाचा चिखल निघाला. कुणीतरी मायेनं मॅगझिनलाही तेल पाजलं होतं आणि त्यावर रेंजची सगळी धूळ जेवून बसली होती. कोरड्या चिंधीनं पुसून, चकत्या बघून राऊंड भरले आणि गाडी मार्गी लागली.

पुढे आपली भारतीय बनावटीची इन्सास रायफल आली. राऊंड बिनचकतीचा, त्यामुळे ते भांडण मिटलं. किती राऊंड उरलेत ते दिसावं म्हणून मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं केलं. 1999 च्या कारगिल युद्धात थंडीनं त्यांना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. पारदर्शकतेचा एवढा फायदा झाला, की तडेही स्वच्छ दिसले.

तेव्हा नेमबाजांनो, प्रत्येक मॅगझिनवर नंबर घाला. बिघाड नंबराबरोबर फिरत असेल, तर रायफलची माफी मागा. आतून ते कोरडं ठेवा, स्प्रिंग ढिली वाटली तर बदला. आणि वाकलेली कड पक्कडीनं सरळ करणारा मित्र क्लबात असतोच. त्याला चहा पाजा, मॅगझिन देऊ नका.