मुक्काम पोस्ट दोन

मतदार व्हायला पैसा, पदवी, अक्कल यांपैकी काहीच लागत नाही. भारताचं नागरिकत्व आणि अठरा पूर्ण. (१९८९ पर्यंत एकवीस लागत.) उरतो एक किरकोळ प्रश्न, तुम्ही राहता कुठे? आणि इथेच आमचे अण्णाकाका अडकले.

काका उभा जन्म डोंबिवलीत काढून ‘राहायला’ मात्र देवरुखला. यादीत नावही तिकडेच. यंदा मतदारयादीच्या कामासाठी बीएलओ बाई दारी आल्या तशी काकांनी चिरंजीवांसोबत स्वतःसाठीही नमुना ६ मागितला. ‘‘लोकसभेला इथे, नगरपंचायतीला गावी. सोयीचं पडतं.’’

बाई मूळच्या शाळेतल्या. त्यांनी फळ्यासमोर सांगावं तसं सांगितलं, ‘‘काका, यादी एकच असते, विधानसभेची. तीच सगळीकडे वापरतात. नमुना ६ नवीन मतदारांना. त्यात ‘माझं नाव दुसरीकडे नाही’ अशी सही करायची, आणि खोटी केलीत तर वर्षभरापर्यंत कैद. तुम्ही आठ भरा, नाव गावाहून इकडे येईल.’’

‘‘अहो, पण तिकडे घर आहे माझं!’’

‘‘नुसतं घर असून भागत नाही. कायद्यातच आहे तसं. राहता का तिथे?’’

‘‘गणपतीत असतो की!’’

‘‘पाचव्या दिवशी डास चावले म्हणून परत कोण येतं?’’ आतून काकू. साक्षीदार फुटला.

एवढ्यात चिरंजीवांनी मोबाइलवर आपला अर्ज भरूनही टाकला. त्याला अजून सतराच पूर्ण आहेत. पण आता वर्षात चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली, आणि आगाऊ अर्ज चालतो. ज्या मुलाला आंघोळीला चारदा हाका माराव्या लागतात, तो लोकशाहीत वेळेआधी हजर!

काकांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. ‘‘गावच्या यादीत आमच्या वडिलांचंसुद्धा नाव आहे अजून!’’

‘‘ते असतात तिकडे?’’

‘‘छे, वारून बरीच वर्षं झाली.’’

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. ‘‘मग तिथे कुणाला तरी नमुना ७ भरायला सांगा. नाव कमी होईल.’’

काका कळवळले. ‘‘सातबाऱ्यावरून पणजोबांना हलवता आलेलं नाही अजून, आणि तुम्ही वडिलांना काढायला निघालात?’’

‘‘पणजोबा राहू देत,’’ बाई चपला घालत म्हणाल्या, ‘‘ते माझ्या खात्यात येत नाहीत.’’