न गेलेल्या गावचे जाणकार

परदेशी जाऊन आलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. चार दिवस बँकॉकला राहून आलेला गृहस्थ थाई लोकांच्या स्वभावावर बोलू लागला, की आपण निमूट मान डोलवायची असते. तो तिथे होता, आपण नव्हतो, विषय संपला. अशा वेळी मला आर्थर वेली यांची आठवण काढून मोठा धीर येतो. चिनी कविता इंग्रजी वाचकांच्या घराघरांत नेऊन पोचवणारे हे वेलीसाहेब उभ्या आयुष्यात एकदाही चीनला गेले नाहीत.

जन्म 1889चा, इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सचा. केंब्रिजला शिकले ते ग्रीक आणि लॅटिन. डोळ्यांचं दुखणं मागे लागलं, आणि 1913मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरी मिळाली. तिथे चिनी-जपानी चित्रं होती आणि त्यांच्या याद्या करायच्या होत्या. चित्रांवर काही ना काही लिहिलेलं असायचं. आता, आपल्याला न वाचता येणारा मजकूर टेबलावर आला की काय करायचं, हे कुठल्याही नोकरदाराला सांगावं लागत नाही. फाइल पुढच्या टेबलावर सरकवायची. वेलीसाहेब मात्र चिनी आणि जपानी दोन्ही भाषा आपल्या आपण शिकले. 1916मध्ये भाषांतरांची एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापून त्यांनी मित्रांना वाटली. प्रती पन्नासेक. कवीने मित्रांना पुस्तक फुकट द्यायचं, ही रीत त्याही देशात होती तर! दोन वर्षांनी मात्र एकशे सत्तर चिनी कवितांचा त्यांचा संग्रह रीतसर प्रकाशित झाला आणि पुढची कित्येक दशकं वाचला गेला.

त्यांनी यमकाचा हट्ट धरला नाही. चिनी ओळीतल्या एकेका अक्षरामागे इंग्रजी ओळीत एकेक आघात, एवढाच हिशेब ठेवला. त्यांचा लाडका कवी पो च्यू-यी हा थांग राजवटीतला सरकारी अधिकारी. जन्म 772चा, मृत्यू 846चा. या कवीला टक्कल पडतं, दात हलतात, वरिष्ठांना खरं सुनावल्यावर दूरच्या जिल्ह्यात बदली होते, आणि या सगळ्याची तो कविता करतो. आपली कविता तो एका म्हातारीला वाचून दाखवायचा आणि तिला न कळलेली ओळ बदलायचा, अशी दंतकथा आहे. वेलीसाहेबांनी पुढे त्याचं सबंध चरित्रच लिहिलं. बारा शतकांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याच्या बदल्या आणि बढत्या लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये बसून त्यांना पाठ होत्या. आमच्या ओळखीच्या काही सरकारी माणसांना स्वतःच्यासुद्धा इतक्या नीट सांगता यायच्या नाहीत.

बरं, गृहस्थ घरकोंबडाही नव्हता. बर्फावरून घसरण्याची त्यांना भारी हौस. त्यासाठी ते खुशाल युरोपातले डोंगर गाठत. त्यांच्या दीर्घकाळच्या सहचारिणी बेरिल द झूट यांनी बालीच्या नृत्यावर पुस्तक लिहिलं, दक्षिण भारतातल्या नृत्यावर लिहिलं. म्हणजे घरात बॅगा भरल्या जात होत्याच. चीनचं तिकीट काढणं तेवढं राहिलं. मनातल्या थांग चीनला धक्का लागू नये म्हणून ते गेले नाहीत, असं सांगतात. मला यात हळवेपणापेक्षा व्यवहारच जास्त दिसतो. थांग काळातलं छांगआन नावाचं जे शहर त्यांना ठाऊक होतं, तिथे जाणारी बोट कुठल्याच बंदरातून सुटत नव्हती.

पण खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या महायुद्धात ते माहिती खात्यात परकी मजकूर तपासायचं काम करत होते. त्याच काळात, 1942मध्ये, त्यांनी एका जाडजूड चिनी कादंबरीतून निवडक तीस प्रकरणं इंग्रजीत आणली आणि पुस्तकाला ‘मंकी’ असं सुटसुटीत नाव दिलं. एक भिक्षू, एक उपद्व्यापी वानर, एक खादाड डुक्कर आणि आणखी एक साथीदार बौद्ध ग्रंथ आणायला भारताकडे निघतात, अशी ती गोष्ट. कादंबरीचा कर्ता म्हणून वू छंग-अन या सोळाव्या शतकातल्या लेखकाचं नाव घेतात. त्याने भारत पाहिलेला नव्हता. भाषांतरकाराने चीन पाहिलेला नव्हता. त्यामुळे या प्रवासकथेच्या सगळ्या व्यवहारात प्रत्यक्ष पायपीट केली ती एकट्या ह्युएन त्संगने. कादंबरीतला भिक्षू त्याच्यावरच बेतलेला. वेलीसाहेबांनाही बहुधा याची रुखरुख लागली असावी, कारण दहा वर्षांनी त्यांनी त्या खऱ्या भिक्षूवर वेगळं लिहिलं.

हा ह्युएन त्संग सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. चालुक्य राजा पुलकेशीचं राज्य त्याने पाहिलं. इथली माणसं साधी, पण मानी; उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने नोंदवलं. सूड घ्यायचा झाला तर आधी शत्रूला कळवतात. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, फक्त बायकी कपडे देतात. हे वाचताना अर्थातच छाती फुगते. मग लक्षात येतं, की पुलकेशीच्या हद्दीत मी जन्म काढला, पण आगाऊ सूचना देऊन सूड घेणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. हल्ली आधी सूड होतो, आपल्याला कळतं मागाहून.

म्हणजे वेलीसाहेबांना थांग राजवटीतलं छांगआन जितकं लांब, तितकाच मला चालुक्यांचा महाराष्ट्र लांब. मी रोज इथेच उठतो, इथलाच चहा पितो, त्याने अंतर तसूभरही कमी होत नाही. तिथे जायचं तर त्यांच्यासारखं खुर्चीत ठाण मांडून अक्षर न् अक्षर लावत बसायला हवं. न जाण्यासाठी त्यांना निदान दोन-चार समुद्र आड येत होते. मला तर तीही सबब नाही.