दोन ग्रॅमच्या आतलं प्रेम

नंदिनी नगर हे दगडावर जगणारं गाव. इथल्या खाणीतली चुनखडी भिलाईच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये जाते, लोहखनिजातली घाण आपल्या अंगावर घेते आणि स्लॅग होऊन बाहेर पडते. त्या स्लॅगचंही जामुलला सिमेंट होतं. एवढं राबूनही या दगडाचा हिशेब टनात. याउलट जो दगड बोटावर बसून नुसता चमकतो, त्याचं वजन ग्रॅमच्या पाचव्या हिश्शात मोजतात, त्याला कॅरेट म्हणतात, आणि भाव ऐकायला समोरच्याला आधी खुर्ची देतात. हा फरक कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत. त्यासाठी साखरपुडा ठरावा लागतो.

आमच्या शेजारच्या चिरंजीवांचा ठरला. चिरंजीव गेट पास होऊन एम.टेक. करताहेत, म्हणजे सरकारकडून महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड. मुलगी दुर्गची, एका दवाखान्यात स्टाफ नर्स, कमावती. जमवलं दोघांनीच. वडीलधाऱ्यांकडे फक्त नाराजीचं खातं उरलं होतं, तेही त्यांनी चार दिवस चालवून सोडून दिलं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. हॉल ठरला, आचारी ठरला, तर्री पोह्यांवर दोन्ही घरांचं एकमत झालं. आणि मग मावशीनं विचारलं, "बाबू, अंगठीचं काय?"

वास्तविक हा प्रश्न या घराण्यात नवा. चिरंजीवांचे आजोबा साठच्या दशकात भंडाऱ्याकडून भिलाई स्टील प्लांटच्या भरतीत इकडे आले. त्यांचं लग्न यादीपे शादी. नारळ, कुंकू, खण आणि साखरेचा पुडा एवढ्यावर सोयरीक पक्की झाली. बोटांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आजीला अंगठी मिळाली ती लग्नात, आणि तीही १४ कॅरेटची. कारण जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं होतं: १४ कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. चीनचं युद्ध नुकतंच संपलं होतं, परकीय चलनाची चणचण होती, लोकांचा सोन्याचा सोस मोडायचा होता. सोस मोडला नाही, सोनार मोडले. कित्येकांची भट्टी विझली, काहींनी जीव दिला. कॅरेटची अट काही वर्षांत गेली, कायदा मात्र १९९० पर्यंत तग धरून होता. आजीच्या माहेरी त्या अंगठीला कायम 'मोरारजीचं पितळ' म्हणत.

तेच १४ कॅरेट आज दुकानात वेगळ्या दिव्याखाली, वेगळ्या मखमलीवर मांडलेलं असतं. नाजूक, तरुण, रोज घालण्याजोगं, असं सेल्सगर्ल सांगते. मोरारजीभाईंचं चुकलं ते एवढंच की त्यांनी नियम काढला. जाहिरात काढायला हवी होती.

जाहिरात काय करू शकते ते हिरे विकणाऱ्या डी बीयर्सला विचारावं. १९४७ मध्ये त्यांच्या जाहिरात कंपनीतल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी एक ओळ लिहिली, की हिरा म्हणजे कायमचा. त्या ओळीवर निम्म्या जगाने साखरपुडे केले. गेरेटीबाईंनी स्वतः लग्न केलं नाही. माल आतून ओळखणारं माणूस असंच वागतं. पुढे ऐंशीच्या दशकात याच कंपनीच्या जाहिरातींनी मुलाने अंगठीवर किती खर्चावं याचा दरही ठरवून दिला: दोन महिन्यांचा पगार. हुंडा मागणाऱ्यांना निदान समोर बसून आकडा सांगावा लागत होता. इथे आकडा मासिकातून घरपोच.

चिरंजीवांनी हे सूत्र इमानदारीने लावून पाहिलं. पगार शून्य, गुणिले दोन, उत्तर शून्य. स्टायपेंडला पगार मानलं तर २४,८००, त्यातून मेस आणि मोबाईल वजा. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम शुद्ध सोन्याने लाखाचा उंबरा ओलांडला, आणि बघता बघता लाख हा आकडाच स्वस्ताईची आठवण झाला. मग हिऱ्याचं नाव कोण काढणार?

काढलं, मामांनी. "आपल्या छत्तीसगडात हिरे आहेत की!" आहेत. गरियाबंद जिल्ह्यात पायलीखंड आणि बेहराडीहला हिऱ्याचे साठे सापडले, ते सरकारी कागदांवर आहेत आणि वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांत चमकताहेत. सोनंही आहे. बलौदाबाजारकडच्या सोनाखानजवळच्या बाघमारा खाणीचा २०१६ मध्ये लिलाव झाला, सोन्याच्या खाणीचा देशातला पहिला. म्हणजे लोखंड, चुनखडी, सोनं, हिरे, सगळं या राज्याच्या पोटात, आणि राज्यातला मुलगा सुपेल्याच्या बाजारात शोकेससमोर हात मागे बांधून उभा.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचा पर्याय चिरंजीवांना मनापासून पटला होता. मिथेन वायूतला कार्बन थरावर थर बसवून हिरा वाढवतात. त्याच्या संशोधनासाठी केंद्राने २०२३ मध्ये आयआयटी मद्रासला पाच वर्षांसाठी २४२ कोटी दिले. चिरंजीवांनी घरी शांतपणे समजावलं, की खाणीतला हिरा, प्रयोगशाळेतला हिरा आणि आपल्या प्लांटच्या कोक ओव्हनमधला कोक, मुळात तिन्ही कार्बनच. आईने एवढंच ऐकलं की पोरगा सुनेच्या बोटात कोळसा घालायला निघालाय. मावशीने निकाल दिला: "लॅबमधला हिरा म्हणजे डालडा." चर्चा संपली.

उरलं सोनं. पैसे कुठले? तर चिरंजीवांनी गुपचूप एका सराफाची स्कीम लावली होती. दहावीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेऊन महिना दीड हजार. अकरा हप्ते आपण भरायचे, बारावा शेठजींचा. हा बारावा हप्ता शेठजींच्या दिलदारीतून येतो असं ग्राहकाला वाटतं. दिलदारी असेलही, पण अकरावर थांबण्याचं कारण वेगळं: दागिन्यासाठी घेतलेले आगाऊ पैसे ३६५ दिवसांपेक्षा जास्त काळ ठेवले तर कंपन्यांच्या ठेव नियमांत ते ठेव ठरतात, आणि मग भानगडी सुरू. थोडक्यात, प्रेमाने वर्षाच्या आत लग्नापर्यंत यावं ही अपेक्षा कंपनी कायद्यातही आहे.

अठरा हजारांचं पासबुक घेऊन मंडळी दुकानात गेली. मंडळी म्हणजे आई, मावशी, मामा, आजोबा. अंगठी जितकी बारीक, तितकी सोबतीला माणसं जास्त लागतात.

आधी २२ कॅरेट पाहिलं आणि झाकून ठेवलं. १८ पाहिलं. शेवटी शेठजींनी हळूच ९ कॅरेट काढलं. जुलै २०२५ पासून त्यालाही हॉलमार्कच्या यादीत जागा मिळाली आहे, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. हजार भागांत ३७५ भाग सोनं, म्हणजे साडेसदतीस टक्के. पस्तीसला पास धरणाऱ्या आपल्या समाजाने ही अंगठी खरं तर पेढे वाटून घरी न्यायला हवी. पण मुलगा आयुष्यभर डिस्टिंक्शनवाला. त्याने १८ वर बोट ठेवलं.

अंगठी काट्यावर ठेवली तेव्हा वरचा पंखा गरगरत होता. आकडा १.८९ वर गेला, मग १.९१, मग १.८८. शेठजींनी काट्याचं काचेचं झाकण लावलं आणि पोऱ्याला खूण करून पंखा बंद करवला. सगळे वाकून बघत होते. आकडा थरथरला आणि थांबला: १.८७०. पंखा बंद झाल्यावर दुकानात एकदम उकडायला लागलं.

"म्हणजे दोन मासेसुद्धा नाही," आजोबा म्हणाले. त्यांच्या डोक्यात अजून गुंजा, मासे, तोळे चालतात, आणि हिशेब चुकत नाही.

"बाप्पा! हे तर नथीत गेलं असतं," मावशी.

मग बिल. सोन्याचा भाव, त्यावर घडणावळ, आणि दोन्हींवर तीन टक्के जीएसटी. घडणावळीचा दर ऐकून मामांनी विचारलं की एवढ्याशा अंगठीला एवढी मजुरी कशी. शेठजी म्हणाले, बारीक कामालाच मजुरी जास्त. हे खरंही आहे, आणि गरिबाने बारीकच घ्यायचं असतं हेही खरं, त्यामुळे मजुरीचा टक्का कुणाच्या खिशातून जास्त जातो ते वेगळं सांगायला नको.

आईने शेवटचा प्रश्न विचारला. "हॉलमार्क?"

"याला लागत नाही, ताई."

इथे वातावरण तापलं. पण शेठजी खोटं बोलत नव्हते. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर लागतो, हे सगळं बरोबर. मात्र दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला त्यातून सूट आहे. सरकारने विद्यार्थ्यांसाठी फीमाफी दिली नाही, पण ही माफी दिली. प्रश्न एवढाच, की ज्याने शिकवण्या घेऊन हप्ते भरले त्यालाच शुद्धतेचा शिक्का न मिळण्याची सवलत, आणि ज्याच्या सुनेला पाच तोळ्यांचे तोडे आहेत त्याच्या मालाची मात्र सरकार जातीने खातरजमा करतं. लहान माणसाची फसवणूक झाली तर तीही लहानच, असा काहीसा विचार दिसतो.

आजोबांनी घरी येताना तोडगा सुचवला. गाव स्टीलचं, अंगठी स्टीलची करा. हसण्यासारखं नाही हे. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात नोंदवून ठेवलंय, की त्यांच्याकडे वाग्दत्त वधूला लोखंडी अंगठी पाठवत आणि तीही बिनखड्याची. रोमन साम्राज्य एवढ्यावर उभं राहिलं. पण आपल्याकडे लोखंडी अंगठी घालतात ती शनीसाठी. साखरपुड्यालाच सुनेच्या बोटात ती घातली तर साडेसाती कुणाच्या नावावर लावायची, यावर दोन्ही घरांत वाद झाला असता. स्टील बाद.

या सगळ्या धावपळीत मुलीला विचारायचं राहून गेलं होतं. शेवटी चिरंजीवांनी फोनवर वजन सांगितलं. ती म्हणाली, "ड्युटीवर अंगठी काढूनच ठेवावी लागते. ग्लोव्ह्ज फाटतात. जड घेऊन करू काय?" गेरेटीबाईंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेहनतीवर एका वाक्यात पाणी फिरलं. हे महिनाभर आधी विचारता आलं असतं, पण मग मामा, मावशी आणि शेठजी यांनी करायचं काय?

साखरपुडा ठरल्या मुहूर्तावर झाला. चिरंजीवांनी १.८७० ग्रॅम तिच्या बोटात सरकवले. मग तिने पर्समधून डबी काढली. मुलाची अंगठी: २२ कॅरेट, चार ग्रॅमच्या वर, तिच्या स्वतःच्या पगारातली. मुलाकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली आणि मावशीचा फोटो काढणारा हात मध्येच थांबला.

मुलीचे वडील रेल मिलमधून रिटायर झालेले, इन्स्पेक्शनला होते. सवयीने त्यांनी चष्मा वर करून जावयाच्या अंगठीच्या आतला नंबर वाचला, मोबाईलमध्ये बीआयएस केअर ॲप उघडून टाकला, आणि स्क्रीन सगळ्यांना दाखवली. पास. मग लेकीचा हात धरून दुसरी अंगठी उजेडात फिरवली. एकदा, दोनदा.

"हिच्यावर नंबर दिसत नाही, जावईबापू."

चिरंजीव उठून उभे राहिले आणि त्यांनी व्हायवा असल्यासारखी दोन ग्रॅमची सूट, तारखेसह, सांगितली. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"आमच्याकडे असा माल साइडिंगला जायचा," ते म्हणाले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "माल मी तपासून घेतलाय. पोहे निवताहेत."